जुना रेडिओ भंगारात द्यावा का?

ईदच्या आधी घराघरांत साफसफाई निघते तशी आमच्याकडेही निघाली. माळ्यावरची पोती खाली आली आणि एका जुन्या चादरीत गुंडाळलेला मरहूम अब्बांचा ट्रान्झिस्टर हाती लागला. चामड्याचे कव्हर वाळून कडक झालेले, एरियल अर्धे मोडलेले, पट्टीवरची लाल सुई एकाच जागी अडकलेली. सूनबाई म्हणाली, "अम्मी, हा भंगारवाल्याला देऊन टाकू या का? सगळं मोबाइलवर ऐकता येतं की आता." धाकटा नातू रेडिओ उलटासुलटा करून त्याला चार्जर कुठे लावतात ते शोधत होता.

मी 'दे' म्हणणारच होते. तोंडातून शब्द निघाला नाही, कारण मला २०२० चा जून महिना आठवला.

माझी खाला म्हसळा तालुक्यातल्या एका गावात राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आमच्या खानदानाचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. त्या दिवशी दुपारी खालाच्या मुलाचा त्यावर शेवटचा निरोप आला, 'वारा फार आहे, दुआ करा.' त्यानंतर आम्ही पाठवलेल्या प्रत्येक निरोपापुढे एकच टिक. संध्याकाळ झाली, रात्र झाली, दुसरा दिवस उजाडला, तरी एकच टिक. फोन लावला की तेच ते यंत्राचे बोलणे. चार दिवस आम्ही मुंबईत बसून होतो आणि खाला जिवंत आहे की नाही हे आम्हाला कळत नव्हते. पाचव्या दिवशी तिचा मुलगा झाडे तोडत, मोटारसायकल ढकलत माणगावच्या दिशेने आला. वाटेत रेंज मिळाल्यावर त्याने फोन केला. घरावरची कौले आणि पत्रे गेले होते, सुपारीची वाडी आडवी झाली होती, पण माणसे सुखरूप होती. अल्हम्दुलिल्लाह.

आपली काळजी एका बाजूची असते, हे मला पुढे खालाशी बोलताना समजले. आम्हाला त्यांचे कळत नव्हते तसे त्यांनाही जगाचे काहीच कळत नव्हते. वादळ पुढे गेले की पुन्हा फिरून येणार, रस्ता कुठपर्यंत खुला आहे, मदत कुठे मिळते, वीज कधी येणार. त्यात टाळेबंदीचे दिवस. गावात रोज नवी अफवा. मी विचारले, "घरात खालूंचा रेडिओ होता ना?" खाला म्हणाली, "रेडिओ होता गं, सेल नव्हते. आतले सेल केव्हाचे सडून गेले होते." त्यांच्या वाडीत वीज यायला महिना लागला. तोवर मोबाइल म्हणजे खिशातला आरसाच होता.

म्हणून सुनेला म्हटले, थांब जरा. आणि या महिन्याचे पान त्या रेडिओवरच लिहायचे ठरवले.

आधी हे यंत्र नेमके काय ऐकवत होते ते पाहू. जुन्या रेडिओच्या पट्टीवर साधारण ५३० पासून १६०० पर्यंत आकडे असत. तो मध्यम लहरींचा, म्हणजे मीडियम वेव्हचा पट्टा. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, पुणे ७९२ वर, रत्नागिरी ११४३ वर. हे आकडे कोकणातल्या आणि देशावरच्या कित्येकांना घराच्या नंबरासारखे पाठ होते. या लहरींवर आवाज पाठवण्याची जी पद्धत, तिला एएम म्हणतात. आवाज चढला-उतरला की लहरीची उंची त्याप्रमाणे कमी-जास्त होते, एवढे साधे ते तंत्र. एफएममध्ये उंची तशीच राहते आणि लहरीची वारंवारता किंचित हलते. वीज कडाडली किंवा शेजारणीने मिक्सर लावला की परिणाम होतो तो लहरीच्या उंचीवर. म्हणून एएम खरखरते आणि एफएम स्वच्छ वाजते. गाणी ऐकायला एफएम बरे, यात वादच नाही.

पण एफएमची लहर सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की ती अडते. मध्यम लहर जमिनीला धरून, उंचसखल भागाला वळसा घालत पुढे सरकते. खाऱ्या पाण्यावरून तर ती फारच दूर जाते, कारण समुद्राचे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. रात्री आणखी एक गंमत होते. दिवसा उन्हामुळे वातावरणाच्या वरच्या भागात तयार होणारा एक थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावरून उलटून शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर उतरतात. मगरिबनंतर आपल्या गावच्या रेडिओवर अचानक गुजराती, कन्नड, कधी अरबी बोल ऐकू यायचे, ते यामुळेच. लहानपणी आम्हाला वाटे, रात्री रेडिओवाले जोर लावतात.

या एएमचे आता काय होणार, हा प्रश्न जगभर विचारला जातो आहे. जर्मनीच्या डॉइचलांडफुंक या सार्वजनिक वाहिनीने २०१५ च्या अखेरीस आपल्या मध्यम लहरी बंद केल्या. बीबीसीची हिंदी सेवा ११ मे १९४० रोजी सुरू झाली होती. तिचे लघुलहरींवरचे, म्हणजे शॉर्ट वेव्हवरचे प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबले. तेही एएमच होते. आपल्याकडे नागपूरजवळ हजार किलोवॅटचा, म्हणजे दहा लाख वॅटचा प्रचंड प्रक्षेपक होता. १९८८ पासून त्यावरून रात्रीची राष्ट्रीय वाहिनी देशभर ऐकू येई. ती वाहिनीही बंद झाली. आकाशवाणीने ठिकठिकाणचे जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपक हळूहळू बाजूला काढून एफएमवर भर दिला आहे.

कारणे खोटी नाहीत. या लहरींचा मनोरा उंच लागतो. लहर जितकी लांब तितका मनोरा उंच, आणि त्याच्याभोवती जमिनीखाली तांब्याच्या तारांचे जाळे पसरावे लागते, म्हणजे जागाही मोठी लागते. मुंबईत अशी जागा मालाडच्या खाडीकाठी मिळाली, कारण ओली खारट जमीन या कामाला उत्तम. आज मालाडात जमिनीचा भाव काय आहे ते वाचकांना सांगायला नको. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे एका एएम स्टेशनची मनोऱ्यांची जमीन अशीच घरे बांधायला विकली गेली. शिवाय वीजबिल. शिवाय सुटे भाग मिळत नाहीत. आणि ऐकणारे? आमच्याच घरात पाहा ना, चार मोबाइल आणि एक मुका ट्रान्झिस्टर.

इंटरनेटने दिलेले सुखही नाकारून चालणार नाही. माझा भाचा कुवेतला आहे. त्याचे अब्बा सत्तरच्या दशकात आखातात गेले तेव्हा त्यांना आपल्या भाषेतला एक शब्द कानी पडावा म्हणून रात्री गच्चीवर रेडिओ फिरवत बसावे लागे. आज भाचा फोनवर आकाशवाणीचे अॅप उघडतो आणि मुंबईची मराठी वाहिनी अशी स्वच्छ ऐकतो की जणू शेजारच्या खोलीत लागली आहे. त्या अॅपवर आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या आहेत. लघुलहरींच्या काळात हे कुणी सांगितले असते तर थट्टा वाटली असती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातल्या मुलांनी रेडिओला सलाम केला. त्यांना दोष कशाला द्यायचा?

तरीही दोन्हींच्या चालण्यात एक मूळ फरक आहे, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. इंटरनेटवर प्रत्येक ऐकणाऱ्याला वेगळी शिदोरी बांधून पाठवावी लागते. ऐकणारे वाढले की यंत्रणेवरचा भार वाढतो, आणि वाटेत मनोरा, केबल, वीज, मोबाइलचे रिचार्ज यातले एक जरी तुटले तरी शिदोरी पोहोचत नाही. रेडिओचे मशिदीच्या अजानसारखे आहे. आवाज एकदाच निघतो. दहा जणांनी ऐकला काय किंवा दहा लाखांनी ऐकला काय, देणाऱ्याचा खर्च तोच. ऐकणाऱ्याला नाव सांगावे लागत नाही, पैसे भरावे लागत नाहीत. पूर्वी रेडिओसाठी पोस्टातून लायसन काढावे लागे हे खरे, पण तेही जाऊन जमाना झाला.

आता थोडे आकडे. आकाशवाणी स्वतःविषयी सांगते की तिचे प्रसारण देशाच्या सुमारे ९२ टक्के भूभागावर आणि ९९.१९ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचते. हा पल्ला मुख्यतः मध्यम लहरींनी मिळवून दिलेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या यंत्रणेसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची 'बाइंड' योजना मंजूर केली. तेव्हा सांगण्यात आले की आकाशवाणीचे एफएम ५९ टक्के भूभागावर ऐकू येते, ते ६६ टक्क्यांवर नेऊ. लोकसंख्येच्या हिशेबाने ६८ वरून ८० टक्क्यांवर. चांगली गोष्ट आहे. पण ९२ मधून ६६ वजा करून पाहा. देशाचा चौथा हिस्सा असा उरतो की तिथे एएम गेले आणि एफएम पोहोचले नाही. तिथे कोण राहते? डोंगरातल्या वाड्या, पाडे, खाडीपलीकडची गावे. खालाचे गाव नकाशावर कुठल्या रंगात येते ते मला माहीत नाही, पण वादळात आधी कुणाचे खांब पडतात ते माहीत आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हाही वीज आणि फोन दोन्ही एकदमच गेले होते.

एवढ्यावरून कुणी म्हणेल की या म्हातारीला जुन्या वस्तूंचा लळा आहे. म्हणून लांबचे एक उदाहरण देते. ते आपल्यापैकी प्रत्येकाने त्या दिवसांत रडत रडत पाहिलेले आहे.

बीबीसीची अरबी रेडिओ सेवा ३ जानेवारी १९३८ रोजी सुरू झाली. त्यांची ती पहिली परभाषेतली सेवा. ८५ वर्षे चालल्यावर २७ जानेवारी २०२३ रोजी ती बंद करण्यात आली. पैसे वाचवायचे होते आणि लोक आता इंटरनेटवर आहेत असे सांगण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुदानात लढाई पेटली, आणि मे महिन्यात बीबीसीला सुदानसाठी लघुलहरींवर अरबी बातम्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. मग ऑक्टोबर आला. २७ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी गाझातले फोन आणि इंटरनेट जवळजवळ पूर्ण तुटले. वरून बॉम्ब पडत होते आणि कोणत्या रस्त्याने जावे, कोणते इस्पितळ चालू आहे, हे विचारायला आई मुलाला फोन करू शकत नव्हती. पुढच्या आठवड्यात, ३ नोव्हेंबरला, बीबीसीने गाझासाठी खास अरबी प्रसारण सुरू केले. कशावर? मध्यम लहरींवर. ज्या रेडिओला नऊ महिन्यांपूर्वी निरोप दिला होता त्यालाच हाक मारावी लागली. प्रसारण करणाऱ्यांच्या बातम्यांविषयी आपली मते काहीही असोत, आणि गाझाविषयीच्या त्यांच्या बातमीदारीवर आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत, पण अंधारात बसलेल्या माणसापर्यंत पोहोचायला त्यांनाही दुसरा मार्ग सापडला नाही, एवढे खरे.

आपल्या देशातही ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरचे फोन आणि इंटरनेट बंद झाले. मोबाइलवरचे फोर-जी सगळीकडे परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. त्या वेळीही बीबीसीने लघुलहरींवरच्या हिंदी बातम्यांचा वेळ वाढवला होता आणि उर्दूचा रोजचा छोटा कार्यक्रम सुरू केला होता. हिंदीच्या लघुलहरी पुढे पाच महिन्यांत बंद झाल्या, हे वर सांगितलेच. म्हणजे तार नेहमी वादळच तोडते असे नाही.

श्रीमंत देशांनाही याची जाण आली आहे. अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या मोटारींमधून कंपन्यांनी एएम रेडिओ काढायला सुरुवात केली, कारण मोटारीच्या इंजिनाचाच अडथळा येऊन आवाज खरखरतो. फोर्ड कंपनीने तर सगळ्याच नव्या गाड्यांतून तो काढायचे ठरवले होते. २०२३ मध्ये एवढा ओरडा झाला की त्यांना निर्णय फिरवावा लागला, आणि प्रत्येक मोटारीत एएम सक्तीचे करणारे विधेयक तिथल्या संसदेत मांडले गेले. ओरडा करणाऱ्यांत आपत्ती-व्यवस्थापनातले माजी अधिकारीही होते. तिथे ७५ हून अधिक रेडिओ स्टेशनांना संकटकाळासाठी वेगळे जनरेटर आणि इंधन देऊन ठेवलेले आहे, आणि तेवढ्याच स्टेशनांवरून देशातल्या नव्वद टक्के लोकांपर्यंत आवाज पोहोचतो. त्यातली बहुतेक एएम आहेत. मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. सगळी स्टेशने जिवंत ठेवायचा हट्ट नाही. निवडक ठेवली, पण ती पडणार नाहीत अशी ठेवली.

आपल्याकडे असे का होऊ नये? आकाशवाणीने मध्यम लहरींवरच डिजिटल आवाज पाठवण्याचे डीआरएम नावाचे तंत्र आणले, तीसहून अधिक प्रक्षेपक त्यासाठी बसवले. खरखर नाही, एकाच लहरीवर दोन-तीन कार्यक्रम, विजेचीही बचत. पण ते ऐकायचा रेडिओ बाजारात सामान्य माणसाला परवडेल असा मिळालाच नाही. काही नव्या मोटारींत तो असतो. टाकी बांधली, पाणी भरले आणि नळ द्यायचे राहून गेले, असा हा प्रकार. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने मोबाइल कंपन्यांना सांगितले की फोनमधला एफएम बंद करून ठेवू नका. ते योग्यच. इअरफोनच्या वायरवर, इंटरनेटशिवाय चालणारा एफएम संकटात उपयोगी पडतो. एएम मात्र फोनमध्ये मावत नाही, त्याला स्वतःचा डबा लागतोच.

मच्छीमारांचे सांगायला हवे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा हर्णैला जाऊन पाहा. किनारा सोडून दहा-बारा किलोमीटर गेले की मोबाइलची रेंज संपते. आपले दालदी भाई त्याच्या कितीतरी पलीकडे जाळी टाकतात. वाऱ्याचा इशारा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या रेडिओने दिला. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने २०१९ मध्ये उपग्रहावरून इशारे घेणारे 'जेमिनी' नावाचे उपकरण काढले. ते उत्तम आहे, प्रत्येक होडीत असावे. पण उपकरण विकत घ्यायचे, त्याला मोबाइल जोडायचा, तो चार्ज ठेवायचा. लहान होडीवाल्याला त्याच्या जोडीला दोन सेलांवर चालणारा डबा असला तर काय बिघडले? जीव वाचवायच्या कामात एका दोरीला दुसरी दोरी जोड म्हणून असावी लागते, हे त्यांना मी सांगायची गरज नाही.

आता माझी खरी तक्रार. यंत्र राहिले आणि त्यातून बोलणारे आपल्या भागातले माणूस गेले, तर त्या यंत्राचा उपयोग काय? खालाचा रेडिओ त्या दिवशी चालू असता, तरी त्यातून तिला काय ऐकू आले असते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. दिल्लीची बातमी, मुंबईचा आकडा. म्हसळ्याचा रस्ता खुला झाला का हे सांगणारा कुणी होता का? रेडिओची किंमत त्या एका वाक्यात आहे. जिल्ह्याच्या स्टेशनवर रात्री-अपरात्री बसायला माणूस हवा, त्याच्याकडे तहसीलदाराचा फोन यायला हवा आणि त्याला तिथली गावे, तिथली बोली ठाऊक हवी. खर्च वाचवायच्या नावाखाली दिवसभर एकाच ठिकाणचा कार्यक्रम सगळीकडे वाजवायचा असेल, तर लोक अॅपकडे जाणारच. मध्यम लहरी वाचवा म्हणणाऱ्यांनी आधी ही माणसे वाचवायला हवीत.

कारण हा रेडिओ माणसांनीच मोठा केला. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी अवघ्या दीड किलोवॅटवर सुरू झाले. २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण होतात. सुरू करणारी खासगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि सरकारला तो कारभार हाती घ्यावा लागला. पुढे अहमद शाह बुखारी, म्हणजे उर्दूतले विनोदी लेखक पतरस बुखारी, ऑल इंडिया रेडिओचे महासंचालक झाले आणि त्यांचे बंधू झुल्फिकार बुखारी मुंबई केंद्राचे संचालक होते. लोक थट्टेने म्हणत, बीबीसी म्हणजे बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन. अमीन सायानी तर आपल्या मुंबईचेच. डिसेंबर १९५२ मध्ये त्यांची गीतमाला रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवरून सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना फोन केले. त्यांच्या वालिदा कुलसुम सायानी 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवत. नुकत्याच लिहा-वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी ते नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. अमीनभाई त्या कामात आईला मदत करत. साधे बोलणे ते कुठे शिकले असतील याचा शोध मग वेगळा घ्यावा लागत नाही. आणि आमच्या घरी सकाळी मराठी प्रादेशिक बातम्या, दुपारी अम्मीसाठी 'वनिता मंडळ', संध्याकाळी 'कामगार सभा' आणि रात्री अब्बांसाठी १९६५ साली सुरू झालेली दिल्लीची उर्दू सेवा. सगळे एकाच डब्यातून. दोन भाषांत घर चालते हे त्या डब्याला कधी विचित्र वाटले नाही.

असो. आमच्या ट्रान्झिस्टरचे पुढे काय झाले ते सांगते. स्टेशनजवळच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले चाचा अजून बसतात. आता ते मुख्यतः मोबाइलच्या काचा बदलतात. त्यांनी कव्हर उघडले, आत फुंकर मारली आणि म्हणाले, "बाजी, दोरा तुटलाय फक्त. सुई दोऱ्यावर चालते." अडीचशे रुपये घेतले. सेल घालायची जागा गंजलेली होती, ती घासून दिली, आणि वर बजावले की वापर नसेल तेव्हा सेल आत ठेवू नका, ते पाझरतात आणि रेडिओ खातात. खालाचा रेडिओ असाच गेला होता. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्या उपयोगी पडतील. मध्यम लहरींना बाहेरचे एरियल लागत नाही, आत एक काळी कांडी असते, तिलाच तारेचे वेटोळे असते. म्हणून आवाज नीट येत नसेल तर रेडिओच हळूहळू फिरवायचा, एका कोनात तो साफ होतो. दुसरे म्हणजे घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर या लहरींत फार खरखर करतात. त्यांच्यापासून दूर, खिडकीपाशी बसायचे.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर मी खिडकीत बसले. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर. शेवटी उठून खोलीतला दिवा बंद केला, चार्जर काढला. सूनबाई दारात येऊन म्हणाली, "अम्मी, अंधारात काय करताय?" नातू माझ्या मांडीवर येऊन बसला. त्याला मी रेडिओ हातात दिला आणि म्हटले, हळू फिरव. त्याने फिरवला. खरखरीतून एक बाई मराठीत हवामान सांगू लागली, मग विरली, मग पुन्हा आली. "दादी, ही कुठून बोलते?" त्याने विचारले. मलाही नीट कळले नव्हते. म्हटले, नाव सांगेल, ऐक. तो श्वास रोखून ऐकत राहिला, पण नाव यायच्या आत त्याने रेडिओ आणखी थोडा फिरवला आणि ती हरवली.

झोपताना मी सेल काढून डाळीच्या रिकाम्या डब्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी चार नवे सेल घेऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून, गावाकडे निघालेल्या भाचेसुनेबरोबर खालासाठी पाठवून दिले.